यादीतला 'इंडियन बीच'

गोव्यातल्या माणसाला 'बीच' म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावे लागत नाही. कळंगुट, कोलवा, मिरामार ही नावे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आलेल्या एका फाईलीतल्या झाडांच्या यादीत अनुक्रमांक सातला 'इंडियन बीच' असे वाचले, तेव्हा मला आधी हसूच आले. इंग्रजीत स्पेलिंगचे एक अक्षर वेगळे होते, पण देवनागरीत लिहायला घेतले तर काहीच फरक राहत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी म्हटलेदेखील, "आता बीचसुद्धा तोडायला परवानगी मागतात." तोही हसला आणि आम्ही चहाला गेलो.

मी सरकारी कारकून. आमच्याकडे 'गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४' लागू आहे. या कायद्यामुळे झाड तोडायचे तर अर्ज, पाहणी, यादी, घेर, शुल्क आणि बदली झाडे लावण्याची अट असा सगळा कागदोपत्री प्रवास होतो. त्या प्रवासातल्या एका लहानशा थांब्यावर मी बसतो. झाड तोडायचे की नाही हे मी ठरवत नाही. आकडे जुळतात का, सह्या आहेत का, कुठला कागद राहिला का एवढे पाहून मी टिपण लिहितो आणि फाईल वर पाठवतो. त्या दिवशी आकडे जुळत होते, सह्याही होत्या. रस्त्याचे रुंदीकरण होते, एक मोरी नव्याने बांधायची होती आणि सात झाडे आड येत होती. सहा नावे ओळखीची निघाली. सातवे मला परदेशातून आणून लावलेले शोभेचे झाड वाटले. रेन ट्री, गुलमोहर असली परदेशातून आलेली झाडे आपल्या रस्त्यांवर कमी आहेत का? त्यातलेच हे एक, असे समजून मी फाईल पुढे पाठवली.

गावाचे नाव पाहून क्षणभर थांबलो होतो, हे खोटे कशाला सांगू? ते माझ्या आईच्या माहेरचे गाव होते. पण कागदावर जागा म्हणून रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटरचे आकडे तेवढे होते. किलोमीटरच्या आकड्यांतून आजोळ ओळखता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात आई माहेरी जाऊन आली. रात्री जेवताना म्हणाली, "वहाळाकडचा करंज गेला रे." मी म्हणालो, "रस्ता रुंद केला ना तिथे." ती पुढे काही बोलली नाही. मीही भात कालवत राहिलो. हे वाक्य आणि माझ्या टेबलावरून गेलेली ती फाईल यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही.

तो करंज माझ्याही बालपणीचा होता. मे महिन्याच्या सुटीत आम्ही सगळी मावसभावंडे आजोळी जमायचो. वहाळावरच्या जुन्या मोरीपाशी तो अर्धा पाण्यावर वाकून उभा असायचा. चैत्रात त्याची पाने झडायची आणि पाहता पाहता नवी पालवी यायची. ती इतकी चकचकीत की तेल लावून पुसल्यासारखी दिसायची. मग फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा पडायचा आणि सकाळी त्यावर मधमाश्यांची नुसती गुणगुण चाललेली असायची. चपट्या, कडक शेंगा आम्ही वहाळात सोडायचो आणि कुणाची आधी खाजनापर्यंत पोचते यावर पैजा लावायचो. आजी त्यातल्या बिया गोळा करून घाण्यावर पाठवायची. त्याचे पिवळट तांबूस, उग्र वासाचे करंजेल एका बाटलीत भरून माडीच्या जिन्याखाली ठेवलेले असे. गुडघा फुटला, खरूज झाली, गुरांच्या अंगावर जखम झाली की ती बाटली बाहेर निघायची. आई सांगते, तिच्या लहानपणी गोठ्यातला दिवाही त्याच तेलावर जळायचा.

असो. गेल्या वैशाखात आईला गाणगापूरला घेऊन गेलो. तिचा जुना नवस होता आणि वय शहात्तर, म्हणजे पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. गोव्यातल्या कितीतरी घरांतून गाणगापूरची वारी होते, त्यामुळे वाचकांना तिथले वेगळे वर्णन नको. भीमा-अमरजेचा संगम, औदुंबर, निर्गुण पादुका आणि दुपारची माधुकरी हे सगळे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेले असणार. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात येते. ज्याला आपण अजूनही सवयीने गुलबर्गा म्हणतो, त्याचे नाव २०१४ च्या नोव्हेंबरात कलबुर्गी झाले. संगमावर बसल्या बसल्या आईने सहज आठवण काढली, की नृसिंह सरस्वतींचा जन्म कारंजा गावचा, वऱ्हाडातला. 'कारंजा' हा शब्द तेव्हा कानावरून गेला, मनात काही हलले नाही.

माझा भाचा बिदरला पशुवैद्यकीचे शिक्षण घेतो, म्हणून तिथून पुढे हुमनाबादला माणिकप्रभूंचे दर्शन घेऊन बिदर गाठले. कलबुर्गीची काळी जमीन आणि तुरीची शेते मागे टाकून बिदरच्या पठारावर चढलो आणि आई गाडीतून बाहेर बघत म्हणाली, "ही तर आपलीच माती." खरेच होते. बिदर वसले आहे ते जांभ्या दगडाच्या पठारावर. किल्ला त्याच तांबड्या दगडाचा आणि त्याचा खंदकही त्यातच खोदलेला. काळ्या पाषाणाच्या मुलखात मध्येच हे तांबडे बेट आहे. भाषाही तशीच मिसळलेली. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बिदर म्हैसूर राज्यात आले, पण भालकी, औराद, बसवकल्याणच्या बाजारात मराठी अजून सहज कानावर पडते.

बिदरमध्ये संध्याकाळी एका बागेत आईला जरा टेकवले. झाडांना पत्र्याच्या पाट्या लावलेल्या होत्या. एका डेरेदार झाडाखाली खूप सावली होती, म्हणून तिथलाच बाक धरला. खाली चपट्या शेंगा पडल्या होत्या. आईने एक उचलली, नखाने फोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "करंज." मी मान वर करून पाटी वाचली. वर कन्नडमध्ये आणि खाली इंग्रजीत लिहिले होते: होंगे. पोंगामिया पिनाटा. इंडियन बीच.

मी ते तीनदा वाचले. भाच्याला विचारले, "हे इंडियन बीच म्हणजे करंजच का रे?" तो म्हणाला, "हो मामा, इंग्रजीत करंजाला तेच म्हणतात." झाडांना पाणी घालणारे एक म्हातारे काका जवळच होते. ते न विचारताच म्हणाले, "करंजच हाय की ते, साहेब. कुनीबी सांगंल."

कुणीही सांगेल. मला मात्र ते तीन वर्षांनी कळले. अनुक्रमांक सात, मोरीच्या डाव्या बाजूला, आणि त्यापुढे लिहिलेला तो मोठा घेर. सगळी ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली. आई शेंग हातात फिरवत होती. मी तिला काही बोललो नाही.

त्या रात्री लॉजवर झोप येईना. भाचा मोबाईलवर वाचत होता, मी त्याला एकेक प्रश्न विचारत होतो. कला शाखेचा पदवीधर मी, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. पण अपराधी माणूस चांगला विद्यार्थी होतो, असा माझा अनुभव आहे. त्या रात्री आणि नंतर घरी येऊन जे वाचले, ते इथे थोडक्यात सांगतो.

खरा बीच वृक्ष युरोपातला. तो ओक आणि चेस्टनटच्या कुटुंबातला, थंड प्रदेशातला. आपल्या करंजाशी त्याचे काही नाते नाही. करंज शेंगवर्गीय, म्हणजे कलबुर्गीच्या तुरीचाच तो लांबचा भाऊ. चकचकीत पालवी बघून इंग्रजांना इथे आपला बीच दिसला असावा. घरापासून दूर असलेला माणूस दिसेल त्या झाडाला आपल्या गावच्या झाडाचे नाव देतो, त्यात त्यांची चूक ती काय? त्यांच्याकडे या झाडाचे प्रस्थ मोठे. इंग्रजीतला 'बुक' आणि जर्मनमधला 'बूख' हे पुस्तकवाचक शब्द बीचच्या नावाशी जोडलेले आहेत असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, जसे आपल्याकडे भूर्जाचे झाड आणि भूर्जपत्र. वाफेवर वाकवलेल्या बीचच्या लाकडापासून मिखाएल थोनेटने १८५९ साली जी खुर्ची बनवली, तिच्या नकला जगभरच्या कॉफीघरांतून दिसतात. वेताची बैठक आणि गोल पाठ असलेल्या तशा खुर्च्या आपल्याकडच्या जुन्या तावेर्नांतून तुम्हीही पाहिल्या असतील.

युरोपातल्या जुन्या बीच वनांना युनेस्कोने २००७ पासून जागतिक वारशात घेतले. यादी वाढत वाढत आता १८ देशांत पसरली आहे. तिथले शास्त्रज्ञ एका कोड्यामागे कित्येक वर्षे आहेत. बीचची झाडे दरवर्षी सारखी फळत नाहीत. चार वर्षे जेमतेम, आणि एखाद्या वर्षी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यातली झाडे एकदम लगडतात, जणू त्यांनी आपसात ठरवलेले असते. एवढे बी एकदम पडले की उंदीर-पाखरांना ते संपवता येत नाही आणि काही बी जगते. पण तारीख ठरते कशी? २०२४ साली एका संशोधनाने दाखवले, की उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस, म्हणजे जूनमधला अयनदिन, उलटला की झाडे हवामानाचा अंदाज घेऊ लागतात. तो दिवस सगळ्यांना एकच, म्हणून सगळी एकाच वेळी निर्णय घेतात. झाडांनाही पंचांग असते म्हणायचे.

आता आपला देशी बीच. त्याच्या शास्त्रीय नावातला 'पोंगामिया' आला आहे 'पोंगम' या मल्याळम-तमिळ नावावरून. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या सहाव्या खंडात हे पोंगम चित्रासकट आहे. हे वाचताना मला आपल्या माणसांची आठवण झाली. त्या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. गोव्यातून तिकडे गेलेल्या समाजातले. १६७५ साली त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या वैद्यांनी परक्यांना झाडांची ओळख पटवली, आणि मला माझ्याच आजोळचे झाड परक्या नावात ओळखता आले नाही!

करंजाच्या बियांत साधारण तिसरा हिस्सा तेल असते. ते कडू. या कडवटपणाचे एक कारण म्हणजे त्यातले 'करंजिन' हे द्रव्य. त्याचे नाव मराठी माणसाला फोड न करता समजते आणि त्याच्या अभ्यासातही एक मराठी नाव आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डी. बी. लिमये या रसायनशास्त्रज्ञांनी करंजिनाच्या रचनेचा छडा लावण्याचे काम केले. १९३६ साली 'रसायनम्' ही पत्रिका पुण्याहून निघू लागली, तिच्या पहिल्याच खंडात करंजिनावरचा त्यांचा लेख आहे. आज रानडे इन्स्टिट्यूट म्हटले की पत्रकारितेचे वर्ग आठवतात. तिथे एके काळी करंजाच्या तेलातले स्फटिक तपासले जात होते हे किती जणांना माहीत असेल? पुढे तिकडे आंध्रात प्राध्यापक शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तेलातल्या 'पोंगामोल' या दुसऱ्या द्रव्यावर काम केले. गोठ्यात आजी जी बाटली वापरायची, तिच्यातले हे दोन घटक.

भाच्याने त्याच्या विषयातले सांगितले. तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरे तोंडात धरत नाहीत. धरली तरी जास्त झाली तर बाधते. तिच्यातला कडूपणा आणि विषारीपणा काढून ती खाऊ घालता येईल का, यावर आपल्याकडे बरेच प्रयोग झाले आहेत. पण जे गुरांना नको ते शेतीला हवे. युरिया जमिनीत टाकला की जिवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात आणि पावसात ते वाहून जाते. करंजिन त्या जिवाणूंचा हात आखडतो, त्यामुळे खत जमिनीत जास्त काळ टिकते. २०१५ पासून आपल्या देशात युरियाला कडुनिंबाचे तेल चोपडणे सक्तीचे झाले, त्यामागचे तत्त्वही हेच. शिवाय करंजाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, ते वेगळेच. शेताच्या बांधावर करंज लावणारा शेतकरी यातला एकही शब्द जाणत नव्हता, पण करत तेच होता.

आणि मग डिझेल. कर्नाटकात हा विषय फार गाजला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कोलारकडच्या कग्गनहळ्ळी भागात होंगेच्या तेलावर जनरेटर चालवून शेताचे पंप फिरवले. हसनजवळ मडेनूरला बायोफ्युएल पार्क झाले. 'हसिरु होन्नु' म्हणजे हिरवे सोने आणि 'बरडु बंगारा' म्हणजे बरड जमिनीतले सोने, अशा नावांच्या सरकारी योजनांतून बांधांवर आणि पडीक जमिनीत करंज लावले गेले. बिदरहून हैदराबादला जाताना पटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था लागते. तिने आदिलाबादच्या पॉवरगुडा गावातल्या आदिवासी बायकांच्या गटाला हाताशी धरून करंज लावला. २००३ साली जागतिक बँकेने त्या गावाकडून १४७ टन कार्बन डायऑक्साइडची बचत विकत घेतली आणि ६४५ डॉलर मोजले. देशाच्या २००९ च्या धोरणाने तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचे ठरवले होते. ते साधले नाही.

का साधले नाही, याचे एक कारण वाचताना मी थबकलो. करंजात परपरागीभवन होते. मधमाशी एका झाडाचे पराग दुसऱ्याला नेते, म्हणून बी आईसारखे निपजत नाही. एकाच झाडाच्या दहा बियांची दहा झाडे वेगवेगळी होतात. एक भरभरून फळते, दुसरे नुसतीच सावली देते. आणि काय निपजले ते कळायला पाच-सात वर्षे थांबावे लागते. हवे तेच झाड पुन्हा पाहिजे असेल तर त्याची फांदी घेऊन कलम करावे लागते. मी भाच्याला विचारले, "म्हणजे झाड तोडले आणि कलम घेतलेले नसले तर?" तो म्हणाला, "मग ते झाड संपले, मामा. त्याची मुले असतात, पण ते नसते."

आमच्या फाईलीत अट असते: तोडलेल्या झाडाच्या बदली इतकी झाडे लावावीत. ती अट मी शेकडो वेळा टंकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हाला भालकीच्या बाजूला धरण पाहायला नेले. मांजरेला मिळणाऱ्या नदीवरचे ते धरण. नदीचे नाव कारंजा. एकदा एखादी गोष्ट मनाला लागली की सगळे जग तिच्याचबद्दल बोलू लागते. वैशाखातले पाणी खाली गेलेले होते, वारा गरम होता. आई पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. तिथे मी तिला सांगितले. ती यादी, ते नाव, माझे हसणे, चहाला जाणे, सगळे.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू थांबवले असतेस तर थांबले असते?"

मी म्हणालो, "बहुतेक नसते. पण मोरी चार मीटर सरकवता येते का, असे टिपणात विचारता आले असते. मामाला फोन करता आला असता. तुला सांगता आले असते. एखादी फांदी तरी आणून कलम केले असते."

"मला सांगायला हवे होतेस," ती म्हणाली. "मी एकदा जाऊन बघून आले असते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या टेबलावरून गेलेल्या फाईलींत किती जणांच्या आयांची झाडे असतील, आणि त्यातली किती मी न ओळखता पाठवली असतील, हे त्या वेळी पहिल्यांदा मनात आले. तोवर मला वाटत होते की माझ्या कामात अन्याय होईल इतकी ताकदच नाही.

परतीच्या वाटेवर मी बागेतल्या शेंगा पिशवीत भरून घेतल्याचे आईच्या लक्षात आले. "ह्या कशाला?" मी म्हणालो, "मामाच्या बांधावर लावू." ती म्हणाली, "बिदरचे करंज बिदरला बरे. आपल्या करंजाच्या शेंगा गेली साठ वर्षे वहाळातून वाहत होत्या. तुम्ही पोरे त्यांच्या पैजा लावत होता ना? कुठे गेल्या त्या सगळ्या? खालच्या अंगाला जाऊन बघ."

हे मला सुचले नव्हते. भाच्यालाही नाही. करंजाची शेंग तरंगते आणि पाण्याबरोबर लांब जाते, म्हणून तो ओढ्याकाठी आणि खाडीकाठी जास्त दिसतो. खाऱ्या पाण्याचेही त्याला फारसे वावडे नाही. हे सगळे आदल्याच रात्री आम्ही वाचले होते.

ज्येष्ठात पहिले दोन पाऊस झाल्यावर आजोळी गेलो. नवी मोरी सिमेंटची, रुंद आणि मजबूत आहे. तिच्या डाव्या बाजूला आता खडी पसरलेली आहे. आई मामाच्या पडवीत बसून राहिली आणि मी वहाळाच्या काठाने खाली उतरत गेलो. केवड्याचे बेट, मग माडांची रांग, मग खाजनाचा बांद. मानशीच्या जरा अलीकडे, जिथे वाहून आलेला कचरा अडकतो, तिथे ते होते. नऊ करंज. दोन माझ्या डोक्यापेक्षा उंच, बाकीचे कमरेएवढे. पानांवर फोड आलेले, कडांना किड्यांनी खाल्लेले. करंजाच्या पानांवर कीटकांचे आणि फुलपाखरांच्या अळ्यांचे पोट चालते, त्यामुळे त्याचे पान सहसा धड नसते.

एक डहाळी तोडून वर नेली. आईने पान हातावर चुरडून नाकाला लावले आणि म्हणाली, "तोच वास."

रात्री भाच्याला फोनवर सांगितले. तो हसून म्हणाला, "मामा, वास सगळ्याच करंजांना तोच असतो. त्यावरून आई ठरत नाही." त्याचे बरोबर आहे. वरच्या अंगाला आणखी कुठे करंज असतील, शेंगा त्यांच्याही असतील. मी आईला हे सांगितले नाही. मला वाटते, तिला ते ठाऊक असावे.

एक गंमत सांगायची राहिली. देशावर दिवाळीला करंजी करतात, तिला ते नाव करंजाच्या शेंगेसारख्या आकारामुळे मिळाले असे म्हणतात. आपण गोव्यात तिला नेवरी म्हणतो. म्हणजे देशावरच्या माणसाला निदान वर्षातून एकदा ताटात तरी करंज दिसतो. आपल्याला तेवढेही नाही.

आता मी एक सवय लावून घेतली आहे. टेबलावर यादी आली की इंग्रजी नावांपुढे पेन्सिलीने आपली नावे लिहितो. आधी एक पुस्तक आणले, मग आईला विचारू लागलो. नियमात ते बसते की नाही ठाऊक नाही, पण पेन्सिलीला अजून कुणी हरकत घेतलेली नाही. या आठवड्यात एका यादीत 'इंडियन कोरल ट्री' असे होते. मी पुढे 'पांगारा' लिहिले, आणि किलोमीटरच्या आकड्यांऐवजी जागा नेमकी कुठली, कुणाच्या दाराशी, असे विचारणारी चिठ्ठी लावून फाईल परत पाठवली. ती अजून आलेली नाही.